मांडवाविना द्राक्षवेल

द्राक्षवेल म्हटले की डोळ्यांसमोर मांडव येतो. मांडव नसला तरी खांब आणि तारा तर येतातच. त्यामुळे माझ्या बागेतील सहा वेली प्रथमच पाहणारा माणूस हमखास गोंधळतो. गुडघ्याहून थोडे उंच, मनगटाहून जाड, साल सुटलेले पिळदार खोड, त्याच्या माथ्यावर चहूबाजूंना फाकलेल्या पाच-सहा आखूड फांद्या आणि त्या फांद्यांतून वर जाऊन टोकाशी बाहेर झुकलेल्या हिरव्या काड्या, असे त्यांचे रूप आहे. जवळपास तार नाही, खांब नाही, एक वेल सोडली तर काठीसुद्धा नाही. "ही कसली झुडपे लावलीत?" असा प्रश्न येतो, आणि पानांआड लोंबणारा घड दिसला की विचारणाराच ओशाळतो. ही सहा झाडे (मी त्यांना झाडेच म्हणते) उभी करायला मला अकरा वर्षे लागली आणि त्यांतील पहिली तीन निव्वळ माझ्या घाईमुळे वाया गेली. ती घाई नेमकी कुठे झाली आणि वेलीला स्वतःच्या पायावर उभे करण्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे एकदा सविस्तर लिहून ठेवायचे बरेच दिवस मनात होते.

वेलीला झाडासारखे वाढवण्याची कल्पना माझी नाही आणि नवीन तर मुळीच नाही. आखूड खोडावर, आधाराविना, लहानशा झाडासारख्या उभ्या राहणाऱ्या वेलींची वाखाणणी पहिल्या शतकातील रोमन शेतीतज्ज्ञ कोल्युमेला याने करून ठेवली आहे. इटालियन भाषेत या पद्धतीचे नावच मुळी 'अल्बेरेल्लो', म्हणजे लहान झाड, असे आहे. फ्रेंचांनी तिला आकारावरून 'गोब्ले', म्हणजे पेला, म्हटले. सिसिली आणि आफ्रिकेचा किनारा यांच्या दरम्यान असलेल्या पान्तेल्लेरिया बेटावर शेतकरी आजही जमिनीत उथळ खळगा करून त्यात अशी ठेंगणी वेल वाढवतात, म्हणजे वारा डोक्यावरून निघून जातो आणि ओल खळग्यात टिकते. त्यांच्या या पद्धतीला युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. दक्षिण फ्रान्समधील शातोनफ-द्यु-पापच्या ग्रनाश जातीच्या वेली आणि कॅलिफोर्नियात लोडायच्या आसपास उभ्या असलेल्या, शंभरी ओलांडलेल्या झिन्फँडेल जातीच्या बागा ही याच घराण्यातील मंडळी. तारांचा प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला, पुढे ट्रॅक्टर आले, मग घड तोडणारी यंत्रे आली, आणि यंत्राला सरळ रांग लागते म्हणून वेलीही मुकाट्याने रांगेत जाऊन तारेवर चढल्या. तेव्हा तार ही वेलीच्या गरजेपेक्षा आपल्या सोयीची गोष्ट आहे, असे मी पूर्वी फार ठासून सांगत असे.

आता सांगताना जरा अडखळते, कारण वेलीला आधाराची गरज नाही हे काही खरे नव्हे. रानात द्राक्षवेल दुसऱ्याच्या खोडावर चढून उजेड गाठते, म्हणून स्वतःचे खोड जाड करण्यात ती फारशी शक्ती घालवत नाही. तिची सारी कमाई लांबीत जाते. मनासारखी जमीन आणि पाणी मिळाले तर एका हंगामात एक काडी तीन-चार मीटर सहज धावते. जुन्या खोडाचा आडवा काप उजेडात धरून पाहिला तर पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडे सुईने टोचल्यासारखी नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. एवढ्या रुंद नळ्यांचे लाकूड पाणी झपाट्याने वर चढवते, पण भार पेलण्याच्या कामी ते आंबा-पेरूच्या लाकडाच्या जवळपासही येत नाही. शिवाय पानाच्या समोरच्या बाजूला येणाऱ्या बाळ्या आहेतच, ज्या हाताला लागेल ते धरून ठेवतात. या बाळीची एक गंमत आहे. बाळी आणि घड हे दोन्ही मुळात एकाच जातीच्या अंकुरातून घडतात. काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, तो अंकुर तयार होत असताना त्याला ऊन आणि अन्न पुरेसे मिळाले तर त्याचा घड होतो, नाही मिळाले तर बाळी. बागायतदार 'घडाची बाळी झाली' असे हळहळत म्हणतात, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही शब्दशः खरे आहे. वेलीला झाड करायचे म्हणजे तिची लांबी दरवर्षी काढून घ्यायची, काड्यांच्या बुडापर्यंत ऊन पोहोचू द्यायचे आणि ती लांबीवर जो खर्च करणार होती त्यातला काही भाग खोडाकडे वळवायचा. यातील शेवटचे कलम मला तीन वर्षे समजलेच नव्हते.

सुरुवातीला मी आठ वेली लावल्या होत्या. जुन्या बागांची छायाचित्रे पाहून डोक्यात एकच चित्र बसले होते: खाली स्वच्छ खोड आणि वर गोल माथा. म्हणून पहिल्याच वर्षी मी प्रत्येक वेलीची सर्वांत जोमदार फूट काठीला बांधली आणि बाकीच्या सगळ्या फुटी, खोडाला लागून आलेले प्रत्येक पानसुद्धा, दर आठवड्याला चोळून काढले. ती एकुलती काडी सरसर वाढली, मी तिला पाऊण मीटरवर खुडले, दुसऱ्या वर्षी माथ्याशी चार फुटी राखल्या आणि तिसऱ्या वर्षी त्यांवर घड आले. छायाचित्रातील आकार माझ्या बागेत हुबेहूब उतरला होता. खोड मात्र माझ्या अंगठ्याएवढेही नव्हते. बागेत नेहमी येणारे एक वयस्क बागायतदार ते पाहून म्हणाले, "ताई, ही वेल कुठे झाली, ही तर छत्रीची दांडी झाली." मी हसले आणि त्याच आठवड्यात काठ्या काढल्या, कारण काठीविना उभी वेल हीच तर सगळी मिरवायची गोष्ट होती. पुढच्या पावसाळी रात्री वारा सुटला. सकाळी आठांपैकी चार वेली माथा जमिनीला टेकवून पडल्या होत्या आणि एका वेलीचे खोड कलमाच्या जोडापासून वीतभर उभे चिरले होते. घड चिखलात लोळत होते, पाने उलटी होऊन त्यांची पांढुरकी बाजू वर आली होती, आणि ओढलेल्या मुळांभोवती जमिनीला अर्धवर्तुळाकार भेग पडली होती.

खोड जाड होते ते पानांनी केलेल्या कमाईवर, आणि त्यातही खोडाच्या त्या त्या भागाजवळची पाने त्या भागाला अधिक पोसतात. खालची पाने काढून मी खोडाचा खुराक बंद केला होता आणि वर माथ्यावर ओझे चढवत राहिले होते. दुसरी चूक बांधण्याची. मी खोड काठीला चार ठिकाणी घट्ट आवळले होते. त्यामुळे ते वाऱ्याने कधी हललेच नाही, आणि जे खोड हलत नाही त्याला जाड होण्याचे कारणही मिळत नाही. रोपवाटिकेत घट्ट बांधून वाढवलेल्या कोणत्याही झाडाची गत हीच होते.

त्या हिवाळ्यात मी आठही वेली कलमाच्या जोडावर दोन डोळे ठेवून कापल्या. तीन वर्षांचे काम करवतीच्या चार फेऱ्यांत खाली आले, आणि खरे सांगायचे तर तोच त्या वेलींच्या आयुष्यातील सर्वांत शहाणा दिवस ठरला. वरचे सगळे गेले असले तरी मुळे तीन वर्षांची होती, त्यामुळे पुढच्या हंगामात आलेल्या फुटी पहिल्यापेक्षा दुप्पट जाड होत्या. नव्याने लागवड करणाऱ्याने हे जाणूनबुजूनच करावे, असे माझे मत आहे. पहिले वर्ष मुळांचे. वेल जशी वाढेल तशी वाढू द्यावी, एकही फूट काढू नये, आणि हिवाळ्यात तिला पुन्हा दोन डोळ्यांवर आणावे. वर्षभर वाढवलेली वेल अशी कापायला हात धजत नाही हे मला ठाऊक आहे, पण कमकुवत काडीवर आकार बांधण्यापेक्षा हे बरे.

काठी लागतेच, आणि ती लागवडीच्या आधी ठोकावी, नाहीतर मुळे तुटतात. सुमारे दीड मीटरची काठी, अर्धा मीटर जमिनीत आणि वारा ज्या बाजूने अधिक येतो त्या बाजूला, म्हणजे वेल काठीपासून दूर झुकते आणि तिच्यावर घासली जात नाही. बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी घ्यावी. खोड आणि काठी यांच्यामध्ये तिचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तिढा द्यावा, आणि त्या फासात करंगळी सहज फिरेल एवढी जागा ठेवावी. दोन बांध पुरतात.

दुसऱ्या वर्षी दोन डोळ्यांतून आलेल्या फुटींपैकी सरळ आणि जोमदार एक निवडून ती काठीलगत वर न्यायची. दुसरी लगेच काढायची नाही. तिचा शेंडा चार-पाच पानांवर खुडून तिला हंगामभर तशीच ठेवायची, म्हणजे तिची पाने खोडाच्या बुडाला पोसत राहतात. मुख्य फुटीवर बगलफुटी येतील. खालच्या बगलफुटी दोन पानांवर खुडायच्या, पण समूळ काढायच्या नाहीत. ही दोन-दोन पाने म्हणजे खोडाची शिदोरी आहे. हिवाळ्यात मात्र सगळे साफ करायचे आणि माथ्याची उंची ठरवायची. वारा फार आणि पाऊस कमी असेल तर तीस-चाळीस सेंटीमीटर, दमट हवेत साठ-सत्तर, कारण जमिनीवरून उडणाऱ्या थेंबांबरोबर केवडा हा बुरशीचा रोग वर चढतो. जिथे वसंतात दहिवर गोठते तिथे फार ठेंगणी वेल नको, कारण थंड हवा जमिनीलगत साचते. ठरलेल्या उंचीच्या वरच्या पेरावर, नेमके पेरातूनच, काप घ्यायचा. त्यात तो डोळा जातो, पण पेराचा फुगीर भाग टोकाला राहतो आणि वरचा बांध त्याखाली अडकून बसतो, निसटत नाही. ही युक्ती किती साधी, पण ती कळण्यापूर्वी वाऱ्यानंतर सुटलेले बांध पुन्हा बांधण्यात मी कितीतरी सकाळी घालवल्या.

तिसऱ्या वर्षी खोडाच्या वरच्या वीतभर भागातील फुटी राखायच्या, खालच्या शेंडे मारून आखूड ठेवायच्या आणि आलेले सगळे घड काढून टाकायचे. सगळे, एकही शिल्लक न ठेवता. एखादा ठेवून चव पाहू, असे मन म्हणतेच. परंतु त्या वर्षी एक घड पिकवायला जे अन्न लागते तेवढ्यात खोडाचे एक कडे जाड झाले असते, हे गणित एकदा पडझड पाहिलेल्या माणसाला चटकन पटते. हिवाळ्यात वरच्या काड्यांतून तीन किंवा चार निवडायच्या, वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या आणि शक्य तर एकाच उंचीवर नसलेल्या, कारण सगळ्या एकाच कड्यावर आल्या तर तिथे खोडाला जखमांचा वेढा पडतो. प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर कापायची. या आखूड तुकड्याला मी खुंटी म्हणते. पुढील प्रत्येक वर्षी या खुंट्यांचेच पालन करायचे असते.

खुंटीची छाटणी एकदा हाताला बसली की डोळे मिटून करता येते, पण पहिल्यांदा समजायला अवघड जाते, म्हणून जवळून सांगते. मागील वर्षीच्या खुंटीवर दोन डोळे होते आणि दोन्हींतून एकेक काडी आली आहे. हिवाळ्यात पाने गळाल्यावर काडी तपकिरी आणि कडक दिसते, बोटांत वाकवली तर करकर वाजते. आता वरची काडी तिच्याखालच्या जुन्या तुकड्यासह कापून टाकायची, आणि खालची काडी दोन डोळ्यांवर आणायची. बुडाशी बारीक, चपटे डोळे असतात ते मोजायचे नाहीत. पहिले स्पष्ट पेर सुटल्यावरचा डोळा पहिला. वरच्या डोळ्याच्या पुढे बोटभर लाकूड सोडून काप घ्यावा आणि तो डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता असावा, म्हणजे गळणारे पाणी डोळ्यावर येत नाही. खालची काडी ठेवण्याचे कारण सोपे आहे: फांदी दरवर्षी दोन-तीन सेंटीमीटरच लांबते. वरची ठेवाल तर पाच वर्षांत फांदी कोपरभर होते, भार खोडापासून दूर जातो आणि झाडाचा तोल बिघडतो.

छाटणी उशिरा केली तर कापलेल्या टोकातून टपटप पाणी गळते. पहिल्या वर्षी ते पाहून मी घाबरले होते आणि मेण शोधत फिरत होते. तसे काही करावे लागत नाही. माती ऊबदार होऊ लागली की मुळे त्या रुंद नळ्यांमध्ये दाबाने पाणी भरतात, आणि डोळे फुटून पाने आली की गळणे आपोआप थांबते. काळजी करायची ती मोठ्या जखमांची. जिथे जाड लाकूड कापले जाते तिथे आतल्या बाजूला सुळक्यासारखा भाग वाळत जातो आणि कधी त्यातूनच खोड पोखरणारी बुरशी शिरते. म्हणून जाड फांदी काढावीच लागली तर खोडाला लावून कापू नये, तिच्या जाडीएवढा तुकडा शिल्लक ठेवावा, कोरडा दिवस पाहावा आणि जखमेवर लेप लावावा. जुन्या खोडांच्या बागा शंभर वर्षे टिकतात, त्यामागे लहान जखमांवर भागवण्याची ही शिस्त आहे. मी स्वतः दोन वेलींवर ती मोडली आहे आणि त्यांच्या खोडांत आता करंगळी जाईल एवढ्या पोकळ्या आहेत.

आता जातीविषयी, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. ही पद्धत सर्व द्राक्षांना मानवत नाही. दोन डोळ्यांवर कापायचे, तर बुडाशी असलेल्या त्या दोन डोळ्यांतच घड असायला हवा, आणि काड्यांची ठेवण मुळात उभी हवी. ग्रनाश, कारिन्यान, मूर्वेद्र, टेम्प्रानियो, झिन्फँडेल, मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया या जाती दोन्ही बाबतीत चांगल्या आहेत. थॉम्पसन सीडलेसचे बुडाचे डोळे बहुधा वांझ असतात. तिचे घड काडीवर वरच्या डोळ्यांत येतात, म्हणून तिची काडी लांब ठेवावी लागते आणि लांब काडीला तार हवी. माझ्या आठांपैकी दोन वेली थॉम्पसनच्या होत्या. त्यांनी खोड उत्तम केले, पाने तर इतरांहून देखणी, पण दोन हंगाम नुसत्या बाळ्या आणि बाळ्याच. शेवटी त्या मी तारेवर चढवल्या आणि सहांवर समाधान मानले. सिरा जातीची गोष्ट वेगळी आहे: तिला घड येतात, पण तिच्या कोवळ्या काड्या वाऱ्याला बुडातून मोडतात, म्हणून शातोनफ-द्यु-पापसारख्या ठिकाणीही, जिथे पेल्याच्या आकाराची परंपरा इतकी घट्ट आहे, तिला तारेवर वाढवण्याची मुभा आहे.

किती खुंट्या ठेवायच्या, हे वेल स्वतः सांगते. छाटलेल्या काड्या पेन्सिलीएवढ्या जाड असतील तर हिशेब बरोबर. त्याहून बारीक असतील तर आपण तिच्यावर जास्त डोळे लादले; अंगठ्याएवढ्या जाड आणि लांबच लांब असतील तर कमी ठेवले आणि उरलेला जोर तिने लाकडात घातला. नीट मोजायचे असेल तर एका वेलीच्या छाटलेल्या काड्यांचे वजन करावे आणि त्याच हंगामात निघालेल्या फळाच्या वजनाशी ताडून पाहावे. फळ काड्यांच्या पाच ते दहा पट भरले तर वेल तोलात आहे असे मानतात. मी पाचव्या वर्षापासून हे वजन वहीत लिहिते. चौथ्या वर्षी चार खुंट्या, सहाव्या वर्षी सहा, आणि सर्वांत दणकट वेलीवर आठ; त्यापुढे मी गेले नाही. उष्ण प्रदेशात, जिथे वेल पाने टाकून झोपत नाही, तिथे वर्षात दोनदा छाटणी होते, एक काड्या घेण्यासाठी आणि दुसरी त्या काड्यांवर फळ घेण्यासाठी. तिथे फळाच्या छाटणीला काडी लांब राहते आणि ओझे खोडापासून दूर पडते; म्हणून खोड अधिक आखूड, खुंट्या कमी आणि धीर जास्त हवा.

उन्हाळ्यातील कामे मात्र थोडी आहेत. डोळे फुटल्यावर जुन्या लाकडातून आणि कलमाच्या जोडाखाली रूटस्टॉकमधून, म्हणजे मुळांकडच्या भागातून, येणारे फुटवे कोवळे असतानाच चोळून काढावेत. प्रत्येक खुंटीवर दोन फुटी ठेवाव्यात. फुटी फार लांबल्या की वाऱ्याने मोडू लागतात, त्या आधी पाऊण मीटरवर शेंडे मारावेत, मात्र प्रत्येक घडाच्या वाट्याला बारा-पंधरा पाने राहतील एवढे पाहावे. फ्रान्सच्या बोजोले भागात उन्हाळ्यात सगळ्या काड्या वर गोळा करून त्यांची एकच मोळी बांधतात, तेही एखाद्या वादळी आठवड्यात उपयोगी पडते. मी दोनदा केले आहे. माथ्याच्या मधोमध वाढणाऱ्या दोन-तीन फुटी काढल्या की वारा आरपार जातो आणि भुरी हा बुरशीचा रोग कमी होतो. पण मध्यभाग अगदी रिता करू नये. या आकाराचे सर्वांत मोठे सुख म्हणजे पानांची छत्री: दुपारच्या उन्हात घड तिच्या सावलीत राहतात, सकाळचे तिरपे ऊन तेवढे त्यांना मिळते. छत्री विरळ केली की मणी करपतात. एका उत्साही वर्षी मी भुरीच्या धास्तीने पश्चिमेकडची पाने काढली, आणि आठवडाभरात त्या बाजूचे मणी तपकिरी होऊन सुकले. आता पाने काढायची तर फक्त पूर्वेकडची, आणि तीही मोजून.

तारेवरील वेलीएवढे पीक यावर येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तोडणी कमरेत वाकून करावी लागते, यंत्र चालत नाही, आणि घड जमिनीजवळ असल्याने पक्ष्यांबरोबर उंदीरही वाटेकरी होतात. बदल्यात वेलीच्या चारही बाजू मोकळ्या राहतात, आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी कुळवता येते, आणि दोन-अडीच मीटर अंतरावर लावलेली प्रत्येक वेल चहूकडून ओल शोधते, म्हणून ती पाणी कमी मागते. वारा इतका असेल की उभी काडी टिकतच नाही, तर हा आकारही पुरत नाही. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर त्यामुळेच काड्या जमिनीवर टोपलीसारख्या विणून घड आत ठेवतात, आणि कॅनरी बेटांतील लांझारोते येथे १७३० ते १७३६ च्या ज्वालामुखी उद्रेकाने पसरलेल्या राखेत खड्डे खणून, दगडांची अर्धगोल भिंत घालून त्यांच्या आडोशाला वेल ठेवतात. ती वेल झाड नसते. पण आधार तिलाही नसतो. कुंडीत करायचे असेल तर मात्र उलट, जरा उंच, मीटरभर खोड आणि वर लहान गोल माथा शोभतो. चाळीस लिटरपेक्षा लहान कुंडी घेऊ नये आणि तिथे काठी कायमची समजावी, कारण कुंडीतील मुळांना धरायला जमीन नसते.

जमिनीतील वेलीची काठी कधी काढायची, याचे मी आता वर्ष ठरवत नाही. कुणाची पाचव्या वर्षी निघते, कुणाची दहाव्या. पाने आणि घड पूर्ण भरात असताना, पाऊस पडून गेल्यावर, माथा दोन्ही हातांनी धरून हलवून पाहते: खोड सबंध झुलले पाहिजे, जमिनीशी किंवा बांधाशी मोडल्यासारखे वाकता कामा नये. तसे झुलले तर बांध सोडते, पण काठी जागेवरच ठेवते. एक संपूर्ण हंगाम वेल सुटी उभी राहते आणि काठी नुसती शेजारी. हंगामाच्या शेवटी काठीवर घासल्याच्या खुणा दिसल्या तर पुन्हा बांधायचे. नाही दिसल्या तर काठी उपसायची. सहापैकी पाच वेली अशा सुट्या झाल्या. सहावीची काठी गेल्या वर्षी मी उपसली आणि दोन महिन्यांनी पुन्हा ठोकली, कारण तिची पश्चिमेकडील फांदी माझ्याच दुर्लक्षाने लांबून कोपरभर झाली आहे आणि भरलेल्या घडांनिशी सगळे झाड तिकडे कलते. ती फांदी नुसती कापली तर तिथे वाटीएवढी जखम होईल आणि त्या बाजूला काहीच उरणार नाही.

यंदा मात्र तिच्या बुडाशी, जुन्या लाकडातून, एक फूट आली आहे. अशा फुटीला पहिल्या वर्षी सहसा घड नसतो, म्हणून एरवी मी ती चोळून टाकली असती. हात तसा गेलाही होता. तिला सुतळीचा लाल तुकडा बांधून ठेवला आहे. पाने गळेपर्यंत ती पेन्सिलीएवढी झाली तर हिवाळ्यात तिला दोन डोळ्यांवर आणीन, तिच्या पुढची लांब फांदी एक वर्ष तशीच राहू देईन, आणि नवी खुंटी फळाला आली की मग करवत हातात घेईन. काठी तोवर तिथेच.